नावं पुसली की चित्र मुकं का होतं?

तुमचा प्रश्न मी असा समजले. तुम्ही राजकीय रूपकचित्रं काढता. ताज्या चित्रात खुर्चीत बसलेलं एक तरस आहे, त्याच्या छातीवर 'सत्ता' असं लिहिलंय. त्याच्या पायाशी पडलेला माणूस 'बळीराजा', बळीराजाच्या गळ्याभोवती 'महागाई' नावाची नागीण, आणि कडेला डोळ्यांवर पट्टी बांधून तराजू धरलेली बाई म्हणजे 'न्याय'. नावं ठेवली तर चित्र शाळेतल्या तक्त्यासारखं दिसतं. नावं पुसून मित्रांना दाखवलं तर कुणाला काही लागलं नाही, एकाला तर ते वन्यजीव सप्ताहाचं पोस्टर वाटलं. कुणीतरी सांगितलं म्हणून तुम्ही स्पॅनिश चित्रकार गोयाच्या 'काप्रिचोस' आणि 'युद्धाचे अनर्थ' या दोन्ही मालिका पाहिल्यात, पण त्यांच्यातली जनावरं आणि बायकाही उलगडल्या नाहीत. गोयाला नावं न लिहिता चालतं, मग मला का नाही, असं तुम्ही विचारलंय.

मी बारा वर्षं दैनिकासाठी रेखाटनं केली, नंतर एचिंगकडे, म्हणजे तांब्याच्या प्लेटवर आम्लाने रेषा कोरून चित्र छापण्याकडे वळले, आणि आता मुद्राचित्रण, म्हणजे अशी छापायची चित्रं, शिकवते. हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी माझ्याकडे घेऊन येतं, आणि तो मला स्वतःलाही पुरेसा छळून गेलाय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अडचण नावांची नाहीच. नावं पुसल्यावर कागदावर काय उरतं ते बघा. एक जनावर बसलंय, एक माणूस पडलाय, एक नागीण वेटोळं घालून आहे, एक बाई उभी आहे. चौघांपैकी कुणीही काही करत नाही. तुम्ही चार नामं मांडली आहेत आणि क्रियापद विसरलात. आपल्या मराठीत कर्ता गाळला तरी वाक्य कळतं. 'खाल्लं', 'पळाली', 'मान खाली घातली' एवढं म्हटलं तरी ऐकणारा 'कुणी?' असं विचारत पुढे सरकतो. क्रियापद गाळून नुसतं 'तरस, शेतकरी, नागीण' म्हटलं तर तो थांबून राहतो. चित्राचंही तसंच आहे. बघणाऱ्याच्या मनात 'कुणी?' हा प्रश्न उठायला हवा असेल तर आधी काहीतरी घडताना दिसलं पाहिजे. घडणं दिसत नाही, म्हणून तो नावं शोधतो.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट कबूल करायला हवी. चित्र कुठे छापलं जाणार यावर बरंच काही अवलंबून आहे. उद्या सकाळच्या अंकात, आजच्या बातमीशेजारी जाणाऱ्या चित्राला सगळा संदर्भ बातमीच पुरवते. तिथे एखादं नाव लिहिलं तर काही बिघडत नाही, वाचक त्या चित्राला अर्धं मिनिटही देत नाही. फ्रेंच व्यंगचित्रकार डोमिएने 1831 साली फ्रान्सच्या राजाला, लुई फिलिपला, 'गार्गांतुआ' म्हणून, म्हणजे जुन्या फ्रेंच गोष्टीतला खादाड राक्षस म्हणून रंगवलं. खुर्चीत बसलेला अवाढव्य राजा, त्याच्या तोंडापर्यंत लावलेली फळी, आणि त्या फळीवरून गरिबांकडून गोळा केलेला पैसा टोपल्यांतून वर चाललेला. त्यात ओळखायचं काही शिल्लक नव्हतं आणि तेच त्याला हवं होतं. त्यासाठी त्याने सहा महिन्यांची कैद आणि पाचशे फ्रँकचा दंड सोसला. तो रस्ता वेगळा, त्याचं मोल वेगळं. तुमचं चित्र कायद्याच्या कक्षेत कुठे बसतं हे मी सांगू शकत नाही, ते वकिलाला विचारा. मी इथे जे सांगतेय ते भिंतीवर किंवा वहीत राहणाऱ्या चित्रांबद्दल, म्हणजे ज्यांच्याकडे दहा वर्षांनी कुणी बघितलं तरी ती जिवंत राहावीत अशी तुमची इच्छा आहे त्यांच्याबद्दल.

आता गोया. तुमच्या तरसाचा भाऊबंद गोयाकडेही आहे, आणि त्याची गोष्ट आधी सांगितली पाहिजे. 1810 साली, माद्रिद फ्रेंचांच्या ताब्यात असताना, नगरपालिकेसाठी त्याने एक मोठं तैलचित्र केलं. माद्रिद नगरी म्हणजे मुकुट घातलेली गोरी स्त्री, पायाशी कुत्रा, वर तुतारी घेतलेली कीर्ती, आणि देवदूतांनी धरलेली एक लंबगोल तबकडी. तबकडीत नेपोलियनने स्पेनच्या गादीवर बसवलेला त्याचा भाऊ जोसेफ याचा चेहरा होता. 1812 मध्ये फ्रेंच शहर सोडून गेले, तेव्हा चेहऱ्यावर रंग फिरवून 'संविधान' हा शब्द लिहिला गेला. जोसेफ परत आला, चेहरा परत आला. तो पुन्हा गेला, पुन्हा शब्द आला. मग स्पेनच्या फर्डिनंड राजाचा चेहरा आला. शेवटी 1870 च्या दशकात दुसऱ्या एका चित्रकाराने तिथे '2 मे' असं लिहिलं, फ्रेंचांविरुद्धच्या 1808 च्या उठावाची तारीख, आणि आज तेच दिसतं.

इतकी उलथापालथ झाली, पण त्या चित्रातल्या बाईला काही फरक पडला नाही. तिचं बोट तबकडीकडे होतं तसंच राहिलं. आत कुणीही बसवा, ती तितक्याच कौतुकाने दाखवते. अर्थ सगळा तबकडीत होता, शरीरांत काहीच नव्हतं, म्हणून तो खरवडून बदलता आला. तुमच्या तरसाच्या छातीवरचा 'सत्ता' हा शब्द खोडून तिथे 'दारू' लिहा, 'प्लॅस्टिक' लिहा, 'मोबाइल' लिहा. चित्र तसंच चालेल. ही कसोटी मी आजही स्वतःच्या प्रत्येक रफवर, म्हणजे कच्च्या रेखाटनावर लावते. नाव बदलल्यावर चित्र निमूट नवं नाव स्वीकारत असेल, तर ते अजून झालेलं नाही.

हाच माणूस, ज्याने नगरपालिकेसाठी ती गोरी नगरी रंगवली, घरी तांब्याच्या प्लेटवर काय करत होता ते बघा.

'काप्रिचोस' ही ऐंशी चित्रांची मालिका 1799 च्या फेब्रुवारीत माद्रिदमध्ये विक्रीला आली, अत्तरं आणि मद्य विकणाऱ्या एका दुकानात. त्या गल्लीचं नाव मराठीत सांगायचं तर 'भ्रमनिरास गल्ली'. किंमत 320 रेआल. जाहिरातीत त्याने मुद्दाम म्हटलं होतं की कुणा एका व्यक्तीचे दोष दाखवण्याचा यात हेतू नाही. तरी संच सत्तावीसच विकले गेले आणि 1803 मध्ये त्याने प्लेट्स आणि उरलेले 240 संच राजाला देऊन टाकले, बदल्यात मुलासाठी निवृत्तिवेतन घेतलं. या मालिकेत 37 ते 42 या क्रमांकांवर गाढवांची एक रांग आहे. गाढव शिकवतंय, गाढव आजाऱ्याची नाडी बघतंय, गाढव आपल्या वंशावळीचं पुस्तक उघडून बसलंय आणि त्यात पानोपानी गाढवंच आहेत.

त्यातलं बेचाळिसावं चित्र नीट बघा. दोन माणसं कमरेत वाकली आहेत आणि त्यांच्या पाठीवर दोन गाढवं बसली आहेत. 'माणसाने जनावर वाहिलं' ही कल्पना कुणालाही सुचेल. गोयाने पुढे काय केलं? एका गाढवाच्या मागच्या पायाला त्याने घोडेस्वार टाचेला बांधतात तो लोखंडी काटा बांधला. एवढाच काटा, नखाएवढा. पण त्यामुळे गाढव नुसतं वाहिलं जात नाही, ते माणसाला हाकतंय. माणसाच्या बरगडीला तो काटा कसा लागत असेल हे बघणाऱ्याला स्वतःच्या बरगडीत कळतं. आणि माणसांच्या पाठी बघा. भार कुठे पडलाय, गुडघे कुठे वाकलेत, हात कुठे धरलेत हे सगळं पोतं वाहणाऱ्या हमालाइतकं खरं आहे. त्या चित्रात 'सरदार-जमीनदार' किंवा 'रयत' लिहायची गरजच उरत नाही. बाजार समितीत पाठीवर पोतं घेतलेला माणूस ज्याने बघितलाय, त्याला अर्धं चित्र आधीच कळलेलं असतं.

शिकवताना मी नेहमी दोन प्लेट्स शेजारी शेजारी ठेवते. दोन्ही 'युद्धाचे अनर्थ'च्या शेवटच्या भागातल्या आहेत. हा भाग गोयाने 1814 नंतर केला. फर्डिनंड राजा परत आला होता, त्याने 1812 चं संविधान मोडीत काढलं होतं, धर्मन्यायालय, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, पुन्हा बसवलं होतं. मालिकेच्या पहिल्या भागात युद्ध आणि दुष्काळ उघडे दिसतात, प्रेतं, फाशी, उपासमार. शेवटच्या भागात तो अचानक जनावरांकडे आणि रूपकांकडे वळतो. स्वतः हयात असताना त्याने ही मालिका प्रसिद्ध केली नाही. तो 1828 मध्ये बोर्दोला वारला, मालिका छापून बाहेर आली 1863 मध्ये.

पहिली प्लेट, क्रमांक 71, 'सर्वांच्या हिताविरुद्ध'. एक म्हातारा झगा घालून बसलाय. मांडीवर जाडजूड वही आणि तो लिहितोय. कानांच्या जागी वटवाघळाचे पंख आहेत, हातापायांना नख्या आहेत. तुमची नजर आधी पंखांवर जाईल, कारण ते विचित्र आहेत. पण थोडं थांबलात तर कळेल की भीती पंखांची वाटत नाही, लिहिण्याची वाटते. तो शांतपणे, एकाग्रतेने, एखाद्या जुन्या कारकुनासारखा लिहितोय. तलवार नाही, रक्त नाही. राजाच्या एका हुकमाने संविधान रद्द झालं, तेही असंच, कागदावर. क्रियापद आहे 'लिहितोय', आणि सगळा अर्थ त्यात आहे. पंख काढून टाकले तरी चित्र बऱ्यापैकी उभं राहील. वही काढून टाकली तर नुसतं भूत उरेल.

दुसरी, क्रमांक 74, 'हे सगळ्यांत वाईट'. एक लांडगा बसून टाकाने कागदावर लिहितोय. मागे फाटक्या कपड्यांतली माणसं दाटीने उभी आहेत. लांडगा लिहितो यात फार काही नाही, प्राण्यांच्या गोष्टींत असले लांडगे खूप. पण लांडग्यासमोर एक साधू गुडघ्यांवर बसलाय आणि त्याने दौत धरली आहे. मला विचाराल तर अख्ख्या मालिकेतली ही सर्वांत धारदार जागा आहे. लांडग्याला लिहिता येतं कारण दौत धरणारा कुणीतरी आहे. दौत उचलून धरताना त्याचे खांदे कसे आहेत, मान कशी आहे ते बघा. त्याला कुणी धमकावलेलं दिसत नाही. लांडग्याच्या कागदावर एक ओळ आहे, तिचा अर्थ साधारण 'अभागी मानवजाती, दोष तुझाच आहे' असा. ही ओळ गोयाने इटालियन कवी कास्तीकडून घेतली. म्हणजे शब्द लिहायची वेळ आली तेव्हा त्याने लांडग्याला नाव दिलं नाही. शब्द त्याने लांडग्याच्या कागदावर ठेवले.

तुमच्या चित्रात तरसाला खुर्ची कुणी आणून दिली? तुमच्याकडे तरस आहे आणि बळी आहे, दौत धरणारा नाही. राजकीय चित्र बहुतेक वेळा त्या तिसऱ्या माणसात असतं.

हे आपल्यासाठी परकं नाही, म्हणून मला गोया नेहमी ओळखीचा वाटत आला. आपल्याकडे अन्योक्ती आहे. 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण प्रत्येक घरात आहे. पण म्हणीतली गंमत नीट बघा. लेकीला खरोखर बोललं गेलं पाहिजे. सासू लेकीकडे न बघता थेट सुनेकडे बघत बोलली तर ते अन्योक्ती राहत नाही, भांडण होतं. एकनाथांच्या विंचवाच्या भारुडात विंचू म्हणजे काम-क्रोध, हे तर नाथ स्वतःच सांगून टाकतात. तरी गावात भारूड उभं राहतं ते कलाकार ज्या तडफडीने अंग टाकतो, पाय झाडतो, ओरडतो त्यावर. आधी विंचू चावला पाहिजे. मग तो कोणता विंचू ते कानावर पडलं तरी चालतं, कारण तोवर लोकांच्या अंगावर काटा आलेला असतो. खाडिलकरांचं 'कीचकवध' 1907 साली रंगभूमीवर आलं. नाटकात एकही इंग्रज नाही. विराटाच्या दरबारात सैरंध्रीचा अपमान होतो, धर्मराज थांबायला सांगतो आणि भीम थांबत नाही, एवढंच. प्रेक्षकांनी कीचकात व्हाइसरॉय कर्झन बघितला, धर्मराजात मवाळ आणि भीमात जहाल बघितले. 1910 मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. हे सगळं जमलं कारण अपमान रंगमंचावर खरोखर घडत होता. कीचकाच्या गळ्यात 'साम्राज्यशाही' अशी पाटी अडकवली असती तर प्रेक्षकाने ती वाचली असती, दात-ओठ खाल्ले नसते.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगते, कारण तुमच्या चित्रात मला माझं तेच चित्र दिसलं. 2016 चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी नेत होते. मी ज्या दैनिकासाठी काम करायचे तिथल्या पुरवणीसाठी पाण्यावर चित्र हवं होतं. मी एक राक्षस काढला, पोट टँकरचं, पोटावर 'टँकरमाफिया'. समोर हडकलेली बाई, पदरावर 'जनता'. संपादकांना आवडलं. मला रात्री झोप लागली नाही, कारण मला ठाऊक होतं की या चित्रात मी काहीही बघितलेलं नाही, सगळं आठवणीतल्या दुसऱ्यांच्या चित्रांतून आलंय.

दुसऱ्या दिवशी मी मामाच्या गावाकडे गेले. टँकर पहाटे येणार होता. बायकांनी आदल्या संध्याकाळीच घागरी रांगेत लावून ठेवल्या होत्या आणि त्या घरी जाऊन स्वयंपाकाला लागल्या होत्या. घागर म्हणजे नंबर. माणूस नाही, घागरच रांगेत उभी. स्टीलच्या, प्लॅस्टिकच्या, पोचा आलेल्या, एकीच्या गळ्याला ओळख म्हणून लाल चिंधी बांधलेली, एकीचा बुडाचा भाग डांबराने लिंपलेला. मी तासभर त्या रांगेसमोर बसून रेखाटनं केली. नवीन चित्रात तीच रांग काढली. आणि रांगेच्या अगदी पुढे एक नवी कोरी पितळी घागर, गळ्यात झेंडूचा हार, खाली प्लॅस्टिकची खुर्ची, आणि एक माणूस मागे उभा राहून तिच्यावर छत्री धरतोय. पाऊस नाही, कडक ऊन आहे, आणि छत्री घागरीवर आहे. त्या माणसाची स्वतःची घागर रांगेत शेवटून तिसरी, हे मी त्याच्या चपलेच्या अंगठ्याला आणि त्या घागरीच्या गळ्याला एकच चिंधी बांधून दाखवलं.

चित्र छापताना खाली 'पाणीटंचाईचं राजकारण' अशी ओळ टाकली गेली, माझ्या नकळत. मला ते लागलं, कारण ती ओळ चित्र वाचायच्या आधीच वाचली जात होती. तरी पुढच्या आठवड्यात जी पत्रं आली त्यांत एकाने लिहिलं की आमच्या सरपंचांचं चित्र कसं काय काढलं, दुसऱ्याने लिहिलं की हे आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांचं आहे, आणि एका बाईंनी फक्त चिंधीबद्दल विचारलं होतं. चिंधी दिसलेली ती एक वाचक मला अजून आठवते.

ओळीचा विषय निघालाच आहे तर त्याबद्दलही सांगते, कारण गोयाकडे ओळी आहेत आणि तुम्ही म्हणाल की मग त्यानेही शब्द वापरलेच की. वापरले. पण कसे ते बघा. युद्धाच्या प्लेट्सखाली त्याने लिहिलंय 'बघवत नाही', 'मी हे पाहिलं', आणि त्याच्या पुढच्या प्लेटखाली 'आणि हेही'. गाढव वाहणाऱ्या माणसांखाली एका स्पॅनिश म्हणीचा फक्त पहिला अर्धा आहे, 'तू, ज्याला झेपत नाही'. उरलेला अर्धा, 'मला पाठीवर घे', बघणाऱ्याने स्वतः म्हणायचा. यांतली एकही ओळ चित्रातल्या कुणाचं नाव सांगत नाही. गर्दीत आपल्या शेजारी उभा असलेला माणूस पुटपुटतो तसा तो आवाज आहे. तुमच्या चित्राला ओळ हवीच असेल तर अशी लिहा. शेजारचा माणूस 'ती बघा सत्ता' असं कधी म्हणणार नाही. तो म्हणेल 'आजही बसलाय का?'

भीतीबद्दल तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण प्रश्नात ती आहे. नाव न लिहिणं म्हणजे घाबरणं का? कधी कधी हो. 'युद्धाचे अनर्थ'मध्ये 77 क्रमांकाची प्लेट आहे. एक धर्मगुरू दोरीवरून चाललाय, हात पसरलेत, खाली गर्दी, आणि दोरीला जागोजागी गाठी मारलेल्या. खाली ओळ आहे, 'दोरी तुटतेय'. तयारीच्या रेखाटनात त्याच्या डोक्यावर पोपचा तिहेरी मुकुट आहे. प्लेटवर तो मुकुट नाही. धर्मन्यायालय पुन्हा बसलेलं असताना मुकुट काढायला कारण होतंच, आणि त्याबद्दल गोयाला कुणी कमी लेखू नये. पण मुकुट गेल्यामुळे नजर डोक्यावरून खाली, पायांकडे आणि दोरीच्या गाठींकडे गेली. मुकुट असताना ते 'पोप पडणार' असं चित्र होतं. आता ते गाठी मारमारून चालवलेल्या प्रत्येक दोरीचं आहे. काढून टाकताना मागे काय उरतं ते बघा. काही उरत असेल, आणि ते आधीपेक्षा मोठं असेल, तर काढणं बरोबर होतं. काहीच उरत नसेल तर ते नुसतं लपणं आहे, आणि मग नाव लिहून टाका, निदान ते प्रामाणिक होईल.

'लोकांनी वेगळा अर्थ लावला तर?' असंही विचारलंत. लावू द्या, एका अटीवर. अर्थ वेगळा असू शकतो, घटना वेगळी असता कामा नये. 78 क्रमांकाच्या प्लेटमध्ये एक पांढरा घोडा लांडग्या-कुत्र्यांच्या टोळीला लाथा झाडत परतवतोय. तो घोडा नेमका कोण यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. पण घोडा एकटा आहे आणि लढतोय यात दोन मतं नाहीत. तुमच्या वन्यजीव सप्ताहवाल्या मित्राने अर्थ चुकवला नाही, त्याला घटनाच मिळाली नव्हती.

म्हणजे आतापर्यंतचं थोडक्यात: कुणी काय केलं हे आधी, कोण ते नंतर. तिसरा माणूस शोधा. नाव बदलून बघा. आता हे हातात कसं आणायचं ते सांगते.

मुलांना मी गोयाच्या प्लेटवर पातळ कागद ठेवून फक्त काडीची माणसं काढायला लावते. पंख नाहीत, झगे नाहीत, चेहरे नाहीत, सावल्या नाहीत. उरलेल्या काड्यांत 'कोण कुणाला काय करतंय' हे दिसलं पाहिजे. लांडगा आणि साधू काड्यांतही दिसतात, एक बसलेला, एक गुडघ्यांवर काहीतरी उचलून धरणारा. मग स्वतःच्या रफची तीच काडी काढायची. तुमच्या तरसाच्या चित्राची काढून बघा. एक बसलेली काडी, एक आडवी, एक उभी.

रफ झाला की तो राजकारणात रस नसलेल्या माणसाला दाखवा. आमच्या इमारतीत एक आजी आहेत, माझे बहुतेक रफ त्यांच्याकडे जातात. 'याचा अर्थ काय' असं विचारू नका, त्याने समोरचा माणूस परीक्षेला बसल्यासारखा होतो. 'इथे काय चाललंय' असं विचारा. त्यांनी घटना सांगितली की मी पुढे जाते. त्या 'काहीतरी वाईट आहे' म्हणाल्या तर मी पुन्हा काढते.

जनावर निवडताना बघितलेलं निवडा. तरस तुम्ही बघितलंय का? तो कान कसा टवकारतो, मागचा भाग कसा खाली ओढल्यासारखा चालतो? गोयाची गाढवं स्पेनच्या रस्त्यातली होती, म्हणून त्यांच्या गुडघ्यांची हाडंसुद्धा बरोबर आहेत. तुमच्या गावात देवाच्या नावाने सोडलेला वळू असेल. तो बाजाराच्या दिवशी भाजीच्या पाटीत तोंड घालतो आणि माळीण काठी उचलते पण मारत नाही, कारण तो देवाचा. काठी वर गेलेली आणि तिथेच थांबलेली. मला तुमच्या खुर्चीतल्या तरसापेक्षा त्या थांबलेल्या हातात जास्त राजकारण दिसतं.

देवीसारख्या स्त्रिया काढूच नयेत असं मात्र मी म्हणणार नाही. गोयाच्या शाईच्या रेखाटनांत, माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातल्या एका वहीत, विवेकाचं चित्र आहे. एका हातात तराजू असलेली बाई, जुन्या पद्धतीची. पण दुसऱ्या हातात चाबूक आहे आणि ती काळ्या पक्ष्यांच्या थव्याला हाणतेय. खाली लिहिलंय, 'दिव्य विवेका, एकालाही सोडू नकोस'. तराजू हे नाव आहे, चाबूक हे क्रियापद.

आणि तुमची न्यायदेवता. तिच्यापासून सुरुवात करा असं मी सुचवेन, कारण तिथे तुम्ही सर्वांत जवळ आहात. 'युद्धाचे अनर्थ'मधली 79 क्रमांकाची प्लेट उघडा, 'सत्य मेलं'. मधोमध एक तरुणी मरून पडली आहे आणि अजून तिच्यातून प्रकाश येतोय. भोवती धर्मगुरू, पुरणारी माणसं. उजवीकडे न्यायदेवता बसली आहे, तराजूसह. डोळ्यांवर पट्टी नाही. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलंय आणि ती रडतेय. तिला दिसत नाही, कारण तिला बघवत नाही. पट्टी कुणीतरी बांधलेली असते, ती अंगावरच्या दागिन्यासारखी. हात तिचे स्वतःचे आहेत.

तर पट्टी सोडा. तिचे हात कुठे आहेत ते ठरवा, आणि त्या हातांचे दहा-बारा रफ करा, कुणाला तरी समोर बसवून, मनाने नाही. तुमचा कागद फार मोठा आहे असं फोटोवरून वाटतं. गोयाच्या या प्लेट्स साधारण अठरा बाय बावीस सेंटिमीटरच्या आहेत, वहीच्या पानाएवढ्या. तेवढाच कागद घ्या. छोट्या कागदावर तरस, नागीण, शेतकरी आणि न्याय चौघंही मावणार नाहीत, त्यामुळे कुणाला ठेवायचं ते तुम्हाला तिथेच ठरवावं लागेल.